थांबा

बोग्ना ट्राम चालवते.
ओलिवाहून सुटणारी सात-चाळीसची तिची.
तिच्यासाठी मिनिट म्हणजे साठ सुटे तुकडे,
आणि दीड मिनिट उशीर म्हणजे वहीत लाल रेघ.
ते तुकडे ती घरीही वापरायची.
"मोजे! दार! हे दूध कोण पिणार, मी?"
मी, लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस,
एका हातात पाव, दुसऱ्यात यागनाची वेणी,
दातांत क्लिप,
म्हणून माझं ओरडणं नाकातून.
धाकटी लुत्का चमच्यानं टेबल बडवत
आमच्या लगीनघाईला ताल द्यायची.

डिसेंबरात ग्दान्स्कला आठ वाजायला आले तरी उजाडत नाही.
खिडकीच्या काळ्या काचेत
आमचीच धांदल दिसते, उलटी.
रेडिएटरवर हातमोजे वाळत असतात,
त्यातला एक नेहमी कुणा भलत्याचाच.

या सगळ्यात झेमेक गप्प.
नऊ वर्षांचा.
"याचा म्हणून काही त्रास नाही," असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो,
कौतुकानं.
आठवलं की कानशिलं तापतात.

त्याचं वाक्य पहिल्या अक्षरावर अडतं.
दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकावी तसं.
प, प, प...
"पाणी? पिशवी? पैसे? अरे बोल ना, सात वाजले!"
आणि हाताला येईल तो शब्द त्याच्या तोंडात कोंबून
मी त्याला जिन्यावर काढायचो.

मग एका शुक्रवारी तारांवर बर्फ धरला.
ट्राम बंद. डेपोतून फोन आला, निरोप येईपर्यंत घरीच राहा.
बोग्ना कोट घालून स्टुलावर बसली,
मांडीवर रिकामे हात.
ते कुठं ठेवायचे हे तिला कळेना.
झेमेक म्हणाला, "प..."
कुणालाच कुठं जायचं नव्हतं.
रेडिएटर टकटकत होता, मी मोजत गेलो.
एक्केचाळीस.

"पायऱ्यांखाली मांजर व्यालीये."

कधी रे?
"मंगळवारी."
थोड्या वेळानं, स्वतःहून,
"चार होती. आता तीन आहेत."

अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांना मी रोज सांगतो,
घाबरू नका, मी इथंच आहे, वेळ लागू दे.
दार ठोकत नाही. हळू बोलतो.
त्याचे मला पैसे मिळतात.

फार काही बदललं असं नाही.
यागनानं चांदण्या काढून तक्ता केला होता,
तो फ्रिजमागं पडला, अजून तिथंच आहे.
पाव रात्रीच कापून ठेवतो.
यागना मोजे घालूनच झोपते, म्हणते, वेळ वाचतो.
गजर सतरा मिनिटं आधी.
ती सतरा मिनिटं कुणाच्याच कामाची नाहीत.
बोग्नानं वेळापत्रकाच्या अक्षरात लिहून लावलंय:
सहा-त्रेचाळीस. थांबा.
कुणी चढो न चढो,
गाडी उभी.

बुधवारी दूध सांडलं. मी ओरडलो, क्लिपसकट.
काही दिवस झेमेक त्या सतरा मिनिटांत
एक अक्षर बोलत नाही, कुट्टूची लापशी खातो,
आणि खाली जाऊन तीन मोजून येतो.
तेही चालतं.
बोग्नाचा अंगठा अजून कधी कधी
टेबलाच्या कडेवर दार बंद करायचं बटण शोधतो.
सापडत नाही.
ती अंगठा मुठीत घेते.

आज त्यानं "म" धरलाय.
मांजर असेल. मोजा असेल. मी असेन.
लुत्काचा चमचासुद्धा हवेत.
पाव गार होतोय.
होऊ दे.